शाळेला बॉम्बची धमकी आली, तर संस्थेने आधीपासून कोणती तयारी ठेवावी?

शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असलेल्या आपल्या संस्थेने काय तयारी करावी, आणि पोलीस येणारच असतील तर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कशासाठी द्यायचे, असे आपण विचारले आहे. मी शैक्षणिक संस्थांच्या सुरक्षेचे काम पाहतो. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

बॉम्बशोधक व नाशक पथकाकडे उपकरणे, श्वान आणि अनुभव असतो. परंतु प्रयोगशाळेतील कपाटाशेजारचा खोका तिथे वर्षभर पडून आहे की आज सकाळी आला, हे त्या पथकाला ठाऊक नसते. ते तेथील परिचरालाच ठाऊक असते. म्हणून प्रत्येक मजला, जिना, स्वच्छतागृह, गच्ची आणि पंपाची खोली कोणी पाहायची, हे नावानिशी ठरवून ठेवावे आणि ती व्यक्ती रजेवर असल्यास दुसरे नावही लिहून ठेवावे. या मंडळींनी केवळ पाहायचे आहे. अनोळखी वस्तूला हात लावू नये, ती हलवू किंवा झाकू नये, तिच्याजवळ मोबाइल वा वॉकीटॉकी वापरू नये. दूर जाऊन नेमकी जागा कळवावी. जिन्याखाली मोडके बाक आणि जुनी रद्दी साठलेली असेल, तर असा शोध घेताच येत नाही. त्यामुळे अडगळ काढणे ही मला नव्या कॅमेऱ्यांपेक्षाही आधी करण्याची गोष्ट वाटते.

दुसरा प्रश्न निर्णयाचा. १ मे २०२४ रोजी दिल्ली आणि परिसरातील शंभराहून अधिक शाळांना पहाटे धमकीचे ईमेल आले. ती धमकी खोटी ठरली, पण आपल्या शाळेचा ईमेल लिपिक दहा वाजता उघडत असेल आणि सकाळचे सत्र सातला भरत असेल, तर मधल्या तीन तासांत तो कोण वाचणार, हे आपणच ठरवायला हवे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील सरकार आणि पोलिसांना अशा प्रसंगांसाठी निश्चित कार्यपद्धती तयार करण्याचे निर्देश दिले. आपण तशा आदेशाची वाट पाहू नये. मुख्याध्यापक नसतील तर निर्णय कोण घेणार, ती व्यक्तीही नसेल तर कोण, अशी किमान तीन नावे लेखी असावीत.

धमकीचा ईमेल पुसू नये; त्याचा तपशील तपासाला लागतो आणि केवळ स्क्रीनशॉट पुरत नाही. फोन असेल तर तो आपणहून ठेवू नये, समोरच्याला बोलते ठेवून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, आवाजाची ढब आणि मागचे आवाज टिपावेत, आणि शेजारच्याने तेवढ्यात ११२ ला कळवावे. निनावी धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे धमकी कितीही पोरकट वाटली तरी तक्रार करावीच.

इमारत रिकामी करताना आगीच्या तालमीची सवय काही बाबतींत आड येते. आगीत दारे-खिडक्या बंद करतात. येथे त्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे स्फोटाचा दाब बाहेर पडायला वाट राहते. हाताशी असलेले दप्तर मुलांनी सोबत घ्यावे, नाहीतर मागे राहिलेले प्रत्येक दप्तर तपासावे लागते. मुलांना बाहेर काढण्याआधी तो जिना आणि ते मैदान पाहून घेतलेले असावे. वाहनतळावर किंवा काचेच्या दर्शनी भागासमोर त्यांना कधीही उभे करू नये. धोक्याची घंटा अचानक वाजवल्यास जिन्यावर चेंगराचेंगरी होऊ शकते, आणि धमकी खोटी असली तरी ती दुखापत खरी असते. म्हणून वर्गशिक्षकांना शांतपणे सांगून एकेक वर्ग उतरवणे मला योग्य वाटते. चालता न येणाऱ्या मुलांसोबत कोण असेल, हेही नाव घेऊन ठरवावे.

पालकांना एकाच व्यक्तीने, एकाच मजकुराचा संदेश पाठवावा आणि मुलांना नेण्यासाठी मुख्य प्रवेशद्वाराऐवजी दुसरे दार सांगावे, म्हणजे पोलीस आणि रुग्णवाहिकेचा रस्ता अडणार नाही.

हे सगळे कागदावर आल्यावर इमारतीचा नकाशा आणि किल्ल्या सांभाळणाऱ्यांची यादी घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात जावे आणि त्यांच्या उपस्थितीत एक तालीम घेण्याची विनंती करावी. त्या तालमीत सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि बसचालकांनाही सामील करून घ्यावे.