यजमानांच्या नावावरचं गजकर्ण

पत्र

आदरणीय ताईंस,

माझं वय ५४. देवगड तालुक्यात आमची कलमांची बाग आहे. पाळी जाऊन पाच वर्षं झाली. गेली चार वर्षं एक दुखणं अंगावर काढतेय. कोणाकडे बोलायचं म्हटलं तर माका सांगूक लाज वाटता, म्हणून लिहिते. रात्री पाठ टेकली की खाली, लघवीच्या जागेच्या आजूबाजूला, अशी खाज सुटते की जीव नकोसा होतो. दिवसा कामाच्या गडबडीत कळत नाही. रात्री झोपेत खाजवलं जातं, सकाळी परकरावर कधीकधी रक्ताचा ठिपका असतो. तिथली कातडी थोडी पांढरी पडल्यासारखी वाटते, वयामुळे असेल. कडुलिंबाचा पाला उकळून झाला, डेटॉलचं पाणी रोजचंच, मुठेल तेल लावून झालं. यजमान मेडिकलमधून ट्यूब आणतात, जांघेत गजकर्ण झालंय असं स्वतःच्या नावावर सांगून. ती लावली की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. ते देवमाणूस आहेत, कधी एका शब्दाने विचारत नाहीत. त्यांची झोपमोड नको म्हणून मी माजघरात सासूबाईंजवळ झोपते. मुलीला स्थळं बघतोय, त्यामुळे सध्या कोणाला काही कळायला नको. रात्री शांत झोप लागेल असा एखादा घरगुती उपाय सांगा. नाव छापू नका.

एक भगिनी

उत्तर

वहिनी, तुम्ही विचारलंत झोपेबद्दल. मी मात्र अडकले ती कडुलिंब आणि डेटॉलच्या रांगेत तुम्ही जाता जाता लिहून टाकलेल्या एका वाक्यात. यजमान ट्यूब आणतात, जांघेत गजकर्ण झालंय असं स्वतःच्या नावावर सांगून.

म्हणजे गेली चार वर्षं उपचार चालू आहेत ते एका पुरुषाच्या जांघेतल्या गजकर्णावर. तो पुरुष धडधाकट आहे, त्याला गजकर्ण झालेलंच नाही. आणि जिला रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, त्या बाईबद्दल मेडिकलच्या काउंटरवर आजवर अवाक्षर निघालेलं नाही. तिचं वय, तिची पाळी गेलेली, कातडी पांढरी, परकरावरचं रक्त, यातलं काहीएक त्या दुकानदाराला ठाऊक नाही. मग गुण कसा येणार? आणि कोणाला?

तुमच्या बागेतच बघा. मोहोर काळा पडायला लागला तर तुडतुडा आहे की भुरी, हे न बघता यजमान फवारणी करतील का? फांदी मोडून घेतील, जाणत्याला दाखवतील, नाही कळलं तर रामेश्वरच्या आंबा संशोधन केंद्रापर्यंत जातील. शेजाऱ्याच्या काजूला काय मारलं ते विचारून आपल्या हापूसवर कोणी मारत नाही. कलमाला जेवढा मान आहे तेवढा घरच्या बाईला मिळाला असता, तर हे पत्र चार वर्षांपूर्वीच अनावश्यक ठरलं असतं.

आता त्या ट्यूबविषयी. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण गजकर्ण म्हटलं की आपल्याकडे काउंटरवरून जी हातात पडते ती बहुधा खिचडी असते: बुरशीवरचं एक औषध, जंतूंवरचं एक, आणि त्यात क्लोबेटासॉलसारखं कडक स्टिरॉइड. स्टिरॉइडने खाज लगेच थांबते, म्हणून तर ती खपते. खरोखर गजकर्ण असलेल्या माणसाचं मात्र त्याने वाटोळं होतं, वरवर बरं दिसतं आणि बुरशी पसरत राहते. देशभरचे त्वचारोगतज्ज्ञ गेली काही वर्षं या खिचडीने चिघळवलेल्या गजकर्णांनी मेटाकुटीला आलेत. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची आणखी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकायची नाहीत. तुमच्या यजमानांना ती मागितल्याबरोबर मिळते. त्यांनी ते गजकर्ण दाखवा म्हणून कोणी म्हटलं असतं, तर पंचाईत झाली असती!

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान डॉक्टरनेही करू नये. पण तुम्ही लिहिलंय ते सगळं एकत्र ठेवलं, पाळी गेल्यावर सुरू झालेली खाज, रात्री वाढणारी, कातडी पांढरी आणि नखाने चिरणारी, तर जाणता डॉक्टर आधी एका आजाराचा विचार करील. त्याचं नाव लायकेन स्क्लेरोसस. योनीच्या बाहेरच्या भागाची, कधी शौचाच्या जागेपर्यंतची त्वचा पांढुरकी, पातळ आणि सुरकुतलेली होते. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच त्वचेवर उलटते म्हणून हे होत असावं, असं मानतात. पाळी गेलेल्या बायकांत हा जास्त दिसतो, आणि नवल म्हणजे पाळी न आलेल्या लहान मुलींतही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अस्वच्छतेने होत नाही, कोणाच्या वागण्याने तर नाहीच नाही. रोज डेटॉलने जागा पोळून घेताना तुमच्या मनात जे काही होतं, ते आजच्या आज टाकून द्या.

गंमत पुढेच आहे. या आजारावर डॉक्टर पहिलं औषध देतात ते क्लोबेटासॉलचंच मलम. तुम्हाला आठ दिवस बरं वाटायचं ते उगीच नव्हे! पण ते देतात एकटं, बाकीची खिचडी न घालता. सहसा पहिला महिना रोज रात्री, मग महिनाभर एक रात्रीआड, मग आठवड्यातून दोनदा. किती घ्यायचं, नेमकं कुठे लावायचं, हे दाखवून देतात, आणि खाज गेली तरी थांबू देत नाहीत. तुम्ही लावता खाज सुटली की, आणि सोडता खाज थांबली की. शिवाय खिचडीतल्या जंतूंच्या औषधाचीच काहींच्या त्वचेला ॲलर्जी येते, म्हणजे खाजेला आणखी एक कारण.

हे वाचून यजमानांना नुसतं क्लोबेटासॉल आणायला धाडलंत तर मात्र माझ्याशी गाठ आहे. कारण तुमचं दुखणं दुसरंच काही असू शकतं. रक्तातली साखर वाढली तरी तिथे बुरशी धरते, मग खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं. त्यावर स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल. पाळी गेल्यावर नुसत्या कोरडेपणानेही चुरचुरतं. वर्षानुवर्षं खाजवून त्वचा जाड होते आणि मग ती जाडीच खाजत राहते. डेटॉलने तर निरोगी त्वचाही सोलवटते. यातलं कोणतं, की दोन एकत्र, हे बघितल्याशिवाय कळत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं, वहिनी. कोणाच्याही नावावर सांगून चालत नाही.

आणि बघायला उशीर नको, याचं कारणही सांगते. लायकेन स्क्लेरोसस तसाच राहिला तर योनीचे आतले ओठ आक्रसतात, चिकटतात, योनीचं तोंड अरुंद होतं. एकदा चिकटलेलं मलमाने पूर्ववत होत नाही. आणि थोड्या बायकांत, शंभरात पाचांहूनही कमी, पुढे त्या जागी कर्करोग होतो. नीट उपचार चालू ठेवले तर हा धोकाही कमी होतो. चार वर्षं झालीत, पाचवं लागू देऊ नका.

आता मुलीच्या स्थळाकडे येते. पांढऱ्या कातडीचा उल्लेख तुम्ही ‘वयामुळे असेल’ म्हणून झटकलात, आणि लगेच पुढे ‘कोणाला काही कळायला नको’. मला वाटतं तुमच्या मनात कोड आहे. कोडाची बाई, कोडाची मुलगी, मग स्थळं परतायला लागतील, हे सगळं माजघरात पडल्या पडल्या तुमच्या डोळ्यांसमोरून जात असणार. तर ऐका. कोडाने कातडीचा रंग जातो, पण ती सहसा खाजत नाही, पातळ पडत नाही, चिरत नाही. तुमची चिरतेय. आणि समजा कोड असलंच, तर तेही लागट नसतं. आईच्या परकराखालची कातडी बघून मुलगी नाकारणारं घर असेल तर ते स्थळ हातचं गेलेलंच बरं.

उलट एक करा. मुलीला सांगा. तपशील नको असतील तर नका देऊ, पण आईला दुखणं आहे आणि आई डॉक्टरकडे जातेय, एवढं तिला कळू दे. नाहीतर उद्या तिला काही झालं, तर तीही नवऱ्याला मेडिकलमध्ये पाठवेल.

राहता राहिले देवमाणूस. तुमची अपेक्षा असेल मी त्यांचं कौतुक करावं. मला जमत नाही. बायको चार वर्षं दुसऱ्या खोलीत झोपते, ट्यूबमागून ट्यूब संपते, आणि हा गृहस्थ एका शब्दाने विचारत नाही, याला तुम्ही चांगुलपणा म्हणता. काउंटरवर लोकांसमोर स्वतःला गजकर्ण झाल्याचं सांगायला त्यांना लाज वाटली नाही, हे मी मानते, थोडं हसूही आलं. पण एवढी हिंमत असलेल्या माणसाला घरात ‘काय होतंय गो तुला?’ एवढं विचारता आलं नाही? त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून तुम्ही माजघरात गेलात. जरा होऊ दे त्यांची झोपमोड. आणि जवळ यायचं म्हटलं की तिथे दुखतं म्हणूनही तुम्ही वेगळ्या झोपत असाल, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. याच आजारात तेही असतं.

घरगुती उपाय मागितलात, तो घ्या, पण फक्त डॉक्टरकडे जाईपर्यंतचा. डेटॉल आणि साबण तिथे पूर्ण बंद. पाला बंद. ट्यूब बंद. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, वर साध्या व्हॅसलीनचा पातळ हात. मुठेलाने झोंबत नसेल तर तेही चालेल, पण ते औषध नव्हे. खाज अनावर झाली तर थंड पाण्यात पिळलेला कपडा ठेवा. नखं कापा. आतले कपडे सुती, आणि ते पंचाखाली लपवून वाळत घालायचं बंद करा. पावसाळ्यात आपल्याकडे ते तसेच दमट राहतात आणि दमटच अंगावर चढतात. वलणीवर सगळ्यांच्या बरोबरीने घाला, सासूबाई काय म्हणायच्या ते म्हणोत.

आणि येत्या आठवड्यात ओरोसला जा. देवगडहून कणकवली, तिथून ओरोस. जिल्हा रुग्णालय तिथेच, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे, त्यामुळे त्वचेचे आणि बायकांचे डॉक्टर दोन्ही एका आवारात. बाई डॉक्टर हवी असं सांगायला लाजू नका. पुरुष डॉक्टर असले तर तपासताना नर्सला उभं राहायला सांगा, तो तुमचा हक्कच आहे. यजमानांना बरोबर न्या. बाकड्यावर बसू दे त्यांना, चार वर्षांनी का होईना, आपण कशाची वाट बघतोय ते तरी त्यांना कळेल. केसपेपरवर नाव तुमचं, वय तुमचं. आत गेल्यावर फक्त एवढं म्हणा, ‘चार वर्षं रात्री खाज सुटते, कातडी पांढरी पडलीय, बघा.’ पुढचं विचारायचं काम त्यांचं. साखर तपासा म्हणा, थायरॉइडही, कारण लायकेन स्क्लेरोसस असणाऱ्यांत थायरॉइडचं दुखणं बरेचदा निघतं. कधी त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात, जागा बधिर करून. घाबरू नका, आणि त्या नावाखाली पळूनही येऊ नका.

ट्यूबचा खोका पिशवीत टाका, त्यावर काय काय लिहिलंय ते डॉक्टरांना वाचायला हवं. मलम चालू झालं की साधारण तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतील. ती तारीख लिहून आणा, आणि मुलीचा साखरपुडा त्या दिवशी धरू नका.