मॉरिशसला यायचं म्हणतोयस, तर घराआधी वारा बघ

भावा, मॉरिशसची नोकरी घेऊ का, बायको आणि मुलीला तिथली हवा मानवेल का, हा तुझा प्रश्न वाचला आणि रात्री झोपच येईना. परमिटचे नियम सरकारी साइटवर आहेत, ते सोडतो.

बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जेमतेम पाव. तरी हवा गावागणिक बदलते. वारा आग्नेयेकडून येतो, मधल्या पठारावर चढतो आणि तिथंच रिता होतो. म्हणून पठारावरच्या क्युरपीपला सतत पाऊस आणि पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक कोरडं. आपल्याकडचा धो धो पावसाचा गगनबावडा आणि कोरडं शिरोळ आठव, फक्त वाऱ्याची दिशा उलटी. आम्ही आधी क्युरपीपला राहिलो. कपडे वाळायचे नाहीत, कपाटातल्या कोल्हापुरी चपलांवर पांढरी बुरशी चढली. घर पश्चिमेलाच बघ.

उसाच्या रानात काळ्या दगडांचे ढीग रचलेले दिसतील. आपल्या दख्खनचा बसाल्ट ज्या तप्त बिंदूतून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातला लाव्हा वर येतो त्या जागेतून, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वर आला, त्याचीच ही सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीची निर्मिती, असं भूशास्त्र मानतं. हे कळलं त्या दिवशी मी त्या ढिगापाशी बराच वेळ उभा होतो.

बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आत पाणी शांत. दक्षिणेला ग्रिस-ग्रिसला ती नाही, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथं पाण्यात उतरायचं नाही. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्यानं गाड्या वाहून नेल्या.

आता शाळा. वर्ष जानेवारीत सुरू होतं. पुस्तकं इंग्रजी, फ्रेंच शिकावीच लागते आणि मैदानात सगळी क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली इथली बोली, बोलतात. आमची पोरगी गणितात वर्गाच्या पुढं होती, पण फ्रेंच येत नाही म्हणून एका शाळेनं तिला खालच्या वर्गात बसवलं. जन्मदाखल्याचं भाषांतर तर शिक्क्यापायी किती वेळा परत आलं! पोरगी ते विसरली. मला अजून राग येतो.

एकटेपणाचं विचारशील, तर मराठी माणसं इथं पिढ्यान् पिढ्या आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. दिवस जातात. पण जुलैत इथं हिवाळा असतो आणि मी रात्री मोबाइलवर पंचगंगेच्या पुराची, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका. आई तिकडं एकटी आहे. यायचं ठरवलंस तर आई-वडिलांजवळ पावसाळ्यात कोण राहणार, ते आधी नक्की कर. आणि मुलीला आजपासूनच फ्रेंचची शिकवणी लाव.