नॅनो औषध श्वासातून देतात ते नेमकं काय असतं? दम्याच्या पंपापेक्षा वेगळं काय?

फरक औषध कशात गुंडाळलंय त्यात आहे. गंमत म्हणजे नुसता नॅनो कण ओढला तर बराचसा श्वासाबरोबर परत बाहेर येतो, इतका हलका असतो तो, आणि 5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा थेंब बहुतेक घशातच अडकतो, म्हणून मग नॅनो कण 1 ते 5 मायक्रॉनच्या थेंबात घालून नेब्युलायझरने देतात.

खरं उदाहरण म्हणजे अरिकेस, अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झालं. आत अमिकासिन, जुनंच अँटिबायोटिक, पण इंजेक्शनने दिलं की कान आणि किडनीला त्रास होऊ शकतो. इथे ते लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या अतिबारीक फुग्यांत भरलंय. एमएसी नावाचे जंतू, टीबीच्या जंतूंचे चुलत भाऊच म्हणा ना, फुप्फुसातल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या आत लपून बसतात आणि नेमक्या त्याच पेशी हे फुगे गिळतात, म्हणजे औषध थेट चोराच्या घरात!

पण सरसकट नाही देत हां, सहा महिने नेहमीची औषधं घेऊनही थुंकीत जंतू येतच राहिले तर. आवाज बसणं, खोकला हे बऱ्याच जणांना होतं. दम्याला मात्र आपला साधा पंपच, आणि स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरा.