ऑपेरा कधीच पाहिलेला नाही. टीव्हीच्या पडद्यावर पाहून तो कळेल का? सुरुवात कशापासून करावी?

कळेल. सुरुवात १९९२ साली टीव्हीवर थेट दाखवलेल्या ‘तोस्का’च्या प्रयोगापासून करा. मला कुणीही विचारलं तरी मी हेच सांगतो.

इटालियन संगीतकार पुच्चिनीचा हा ऑपेरा १९०० साली रोममध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. गोष्टही रोममधलीच, जून १८०० मधली. गायिका तोस्का, तिचा प्रियकर चित्रकार कावारादोस्सी आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला पोलीसप्रमुख स्कार्पिया. तिघांपैकी एकही शेवटी जिवंत उरत नाही. तिन्ही अंक जिथे घडतात त्या वास्तू आजही उभ्या आहेत: सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले चर्च, फार्नेझे राजवाडा आणि सांत आंजेलोचा किल्ला. निर्माता आंद्रेआ आंदरमान याने ठरवलं की प्रयोग तिथेच करायचा, कथेत तो अंक दिवसाच्या ज्या वेळी घडतो त्याच वेळी, आणि थेट प्रक्षेपित करायचा. त्यामुळे ११ जुलैला दुपारी पहिला अंक, त्याच रात्री दुसरा आणि १२ जुलैच्या पहाटे तिसरा झाला.

वाद्यवृंद मात्र यांतल्या एकाही ठिकाणी नव्हता. तो रोममध्येच दूर एका सभागृहात बसला होता आणि संचालन करत होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. गायकांना त्यांचे हात दिसत ते आडोशाला ठेवलेल्या टीव्हीच्या पडद्यांवर. अशा स्थितीत प्लासिदो डोमिंगो (कावारादोस्सी), कॅथरिन माल्फितानो (तोस्का) आणि रुजेरो राइमोंदी (स्कार्पिया) थेट गायले. चुकलं तर पुन्हा घेण्याची सोय नाही. गाण्यातला तो ताण मला आजही ऐकू येतो.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसऱ्या अंकात आहे. स्कार्पिया जेवायला बसलाय, शेजारच्या खोलीत कावारादोस्सीचा छळ चाललाय, त्याच्या किंकाळ्या तोस्काला ऐकू येताहेत. त्याच्या सुटकेची किंमत म्हणून स्कार्पिया तिलाच मागतो. ती कबूल होते. तो दोघांना रोमबाहेर जाण्याचा परवाना लिहायला वळतो आणि तिची नजर टेबलावरच्या सुरीवर पडते. नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्याला ही नजर दिसणं अवघड. इथे विट्टोरियो स्तोरारोचा कॅमेरा दोन हातांच्या अंतरावर असतो. खून झाल्यावर ती पळून जात नाही. मेलेल्या माणसाच्या मुठीतून परवाना सोडवून घेते, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते. पुच्चिनीने ही सगळी हालचाल संगीतात बांधली आहे आणि त्या वेळी गाणं जवळजवळ नाहीच. ऑपेरा म्हणजे नुसतं उंच स्वरात गाणं नव्हे, हे तिथे पटतं.

पहिला अंक सुरुवातीला संथ वाटेल, तरी सोडू नका. त्याच्या शेवटी चर्चमध्ये मिरवणूक येते, सगळे देवाची स्तुती गातात आणि त्याच सुरांत मिसळून स्कार्पिया तोस्काबद्दलची वासना गातो. राइमोंदीइतका भारदस्त आणि भीतिदायक स्कार्पिया मी दुसरा पाहिलेला नाही.

आधी कथानक वाचून घ्या, उपशीर्षकं चालू ठेवा. जमलं तर तिसरा अंक खरोखरच पहाटे पाहा. आवडलं तर याच निर्मात्याने आणि मेहतांनी २००० साली पॅरिसमध्ये केलेला व्हेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ पुढे घ्या.