चार नगांचा एक भाव: जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सौद्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (ओहायो): आमच्या शेजारच्या आजींचे यजमान रिव्हॉल्व्हर जमवायचे. ते गेले, आता आजींना चार नग एकत्र काढायचे आहेत: सत्तरच्या दशकातले कोल्ट पायथन, स्मिथ अँड वेसनचे मॉडेल 10, त्याच कंपनीचे दुसऱ्या महायुद्धातले 'व्हिक्टरी' आणि एक ब्रिटिश वेबली मार्क 6. चारही मिळून 4,200 डॉलर म्हणतात. मला खरे तर पायथनच हवे आहे. भाव कसा करू?

एकगठ्ठा भाव ऐकला की माणूस त्या एका आकड्याशीच झगडायला लागतो. तसे करू नका. घरी बसून चारही नगांचे वेगवेगळे भाव कागदावर मांडा, आणि तेही जाहिरातीतले नव्हे, तर लिलावात प्रत्यक्ष विक्री झालेले. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहितो.

मग नग हातात घ्या. आधी सिलिंडर (काडतुसांचे फिरते नळकांडे) उघडून रिकामे असल्याची खात्री करा, आजींनी सांगितले असले तरी. व्हिक्टरी आणि मॉडेल 10 चा हॅमर (घोडा) आणि ट्रिगर नीट पाहा. या भागांवर कारखान्यातून निळसर-तपकिरी ढगांसारखी छटा येते. ते बाकीच्या बंदुकीसारखेच काळेनिळे दिसले, किंवा बॅरलवरच्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा खचल्या असतील, तर कोणीतरी पॉलिश करून नवा ब्लू, म्हणजे पोलादावरची काळीनिळी झिलई, चढवला आहे. व्हिक्टरीवर तर चकचकीत ब्लू मुळात नव्हताच. युद्धातला तो नग मळकट राखाडी दिसायला हवा. सीरियल नंबर मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या बाजूला आणि बॅरलच्या खाली, तिन्ही ठिकाणी जुळतो का, तेही पाहा. ब्रिटनला पाठवलेल्या व्हिक्टरीपैकी बऱ्याच नगांचे चेंबर (सिलिंडरमधले काडतुसाचे खण) युद्धानंतर .38 स्पेशल या लांब काडतुसासाठी खोल केले गेले. तसे असेल तर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत बरीच उतरते.

वेबलीचे दुखणे वेगळे. अमेरिकेत आलेल्या अनेक वेबलींचे सिलिंडर मागून घासले गेले, कारण तिची मूळ .455 ची काडतुसे मिळेनात आणि .45 एसीपी ही काडतुसे सहज मिळायची. घासलेल्या सिलिंडरच्या मागे मोठी फट दिसते. अशी वेबली संग्रहात ठेवावी. नेहमीच्या .45 एसीपीचा दाब या बंदुकीला सोसण्यापलीकडचा आहे, म्हणून ती झाडू नये.

पायथनवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. हॅमर अगदी हळू मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर 'खट' होऊन पक्के बसायला हवे. सिलिंडर मागे रेंगाळत असेल तर टायमिंग, म्हणजे हॅमर आणि सिलिंडरचा मेळ, गेले आहे, आणि जुन्या कोल्टचे टायमिंग नीट करणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत.

आता आकडेमोड. समजा पायथनचे 2,400, मॉडेल 10 चे 400, पॉलिश केलेल्या व्हिक्टरीचे 250 आणि घासलेल्या वेबलीचे 450 धरले, तर बेरीज 3,500 होते. आजींना हा कागद दाखवा. पायथनमध्ये मुद्दाम खोट काढू नका. उरलेल्या तीन नगांत जे खरोखर दिसते, तेच नगानिशी सांगा. मग विचारा, "चारही नेले तर शेवटचे काय धराल?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. त्या खाली आल्या नाहीत, तर पायथन आणि मॉडेल 10 एवढ्यांचाच भाव मागा. व्हिक्टरी आणि वेबली सोडायची तयारी नसेल, तर तुम्ही भाव करत नाही, नुसते पैसे मोजता.

पैसे देण्याआधी कपाट धुंडाळायला सांगा. मूळ लाकडी ग्रिप (मुठीच्या पट्ट्या), खोका आणि दुकानाची पावती बऱ्याचदा खणात पडून असतात, आणि पायथनच्या मूळ ग्रिपचे मोल कमी नाही. आणि तपासताना एखादा नग त्यांनी धरल्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीचा निघाला, तर ते त्यांना सांगा. नवरा गेलेल्या बाईच्या अज्ञानावर साधलेला सौदा मला मान्य नाही. हस्तांतर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करा. तुमच्या राज्यात खासगी विक्रीला त्याची सक्ती नसली, तरी कागद राहतो आणि आजीही निर्धास्त होतात.

प्रश्न (टेक्सास): मी एच-1बी व्हिसावर आहे. तीन जुनी रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळताहेत. घेऊ का?

नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला फेडरल कायद्याने बंदूक घेता किंवा बाळगता येत नाही. मोजके अपवाद आहेत, त्यातला मुख्य म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घ्यायचा विचारही करू नका. दुकानात बंदूक घेताना भरायच्या फॉर्म 4473 वर खरा खरेदीदार कोण, असा थेट प्रश्न असतो आणि खोटे उत्तर हा फेडरल गुन्हा आहे. 1898 पर्यंत बनलेली बंदूक फेडरल व्याख्येत 'अँटिक' ठरते आणि या बंदीबाहेर राहते, पण राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे असू शकतात. वकिलाला विचारल्याशिवाय तिकडेही जाऊ नका.

प्रश्न (न्यूजर्सी): दुकानदार तीन नगांवर दहा टक्के सोडतो म्हणतो. अजून खाली येईल का? आणि एकदम तीन घेतल्याची नोंद होते म्हणे, ती टाळता येईल का?

आधी परवाने. तुमच्या राज्यात प्रत्येक हँडगनला वेगळा खरेदी परवाना लागतो. ते हातात नसताना भाव ठरवणे म्हणजे दुकानदाराचा वेळ खाणे.

भावाचे म्हणाल, तर तिन्ही नग त्याचेच आहेत का, ते विचारा. दुकानातले बरेच जुने नग दुसऱ्याचे असतात, विकून देण्यासाठी ठेवलेले. त्यावर दुकानदाराला फक्त कमिशन मिळते आणि मालकाला विचारल्याशिवाय त्याला एक डॉलरही सोडता येत नाही. त्याचा स्वतःचा आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेला नग असेल, तर सूट तिथे मागा. ओक्लाहोमातल्या टल्साच्या एप्रिल आणि नोव्हेंबरच्या मोठ्या शस्त्र-प्रदर्शनातही हेच चालते. रविवारी दुपारी, सामान आवरायच्या वेळी, भाव सैल होतात. पण चांगले नग शनिवारी सकाळीच गेलेले असतात.

नोंद टाळू नका. सलग पाच कामकाजाच्या दिवसांत फेडरल परवाना नसलेल्या एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक हँडगन विकल्या, तर दुकानदाराला एटीएफला (बंदुकांवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल खात्याला) कळवावेच लागते. त्यात तुमच्यावर कसलाही ठपका नसतो. "एक आज, एक पुढच्या आठवड्यात" असे सुचवलेत, तर चांगला दुकानदार सौदाच मोडेल. नेहमी जमवणार असाल तर संग्राहकाचा फेडरल परवाना काढा. तीन वर्षांसाठी 30 डॉलर लागतात. पन्नास वर्षांहून जुने नग त्यावर दुसऱ्या राज्यातूनही घेता येतात, पण तुमच्या राज्याचे नियम सुटत नाहीत.

प्रश्न (सातारा): आजोबा वारले. त्यांच्या परवान्यावर एक वेबली आणि दोन बंदुका आहेत. एक गृहस्थ तिन्हींचे एकरकमी पैसे द्यायला तयार आहेत. अमेरिकेतल्या किमतींशी ताडून पाहू का?

तो भाव इथे उपयोगाचा नाही. परदेशी रिव्हॉल्व्हरची आयात सर्वसामान्यांना बंद असल्याने इथला बाजार वेगळाच चालतो. आणि तुमच्यापुढे भावाआधी कायदा आहे. परवानाधारक गेल्यावर शस्त्रे घरात ठेवता येत नाहीत. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करा, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यात मोजली जातात. त्यामुळे तिसरे विकावे लागेल किंवा दुसऱ्या वारसाच्या परवान्यावर चढवावे लागेल. जमा केलेली शस्त्रे ठरावीक मुदतीत कायदेशीर हातात गेली नाहीत, तर सरकारजमा होऊ शकतात.

त्या गृहस्थांकडे त्या बोअरचा (नळीच्या मापाचा) परवाना आहे का, आणि त्यावर किती जागा शिल्लक आहेत, हे आधी पाहा. दोन शस्त्रांची मर्यादा त्यांनाही असल्याने तिन्हींचा एकरकमी सौदा सहसा होऊच शकत नाही. विसार घेऊ नका.

प्रश्न (कॅलिफोर्निया): सौद्याआधी कारखान्याचे पत्र मागवावे का?

कोरीवकाम केलेले कोल्ट किंवा दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे स्मिथ अँड वेसनचे मॅग्नम असेल तर जरूर. कोल्टचे अभिलेखागार आणि स्मिथ अँड वेसनचे हिस्टॉरिकल फाउंडेशन मूळ बॅरलची लांबी, फिनिश आणि नग कोणाला, कधी पाठवला ते कळवतात. विक्रेता थांबणार नसेल तर "पत्र जुळले नाही तर परत" अशी अट पावतीवर लिहून घ्या. साध्या मॉडेल 10 साठी पत्रावर पैसे घालवू नका. तेवढ्यात त्याच्या मूळ ग्रिप येतील.