रात्र काढायला सोबत

प्रश्न : माझ्या मुलीने सॅमी स्मिथचं 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' हे जुनं अमेरिकन कंट्री गाणं ऐकवलं. नंतर शब्द वाचले आणि अवघडलो. बाई पुरुषाला रात्रीपुरतं थांब म्हणते, बरोबर-चूक मला नको सांगू म्हणते. याला प्रेमगीत कसं म्हणायचं? आणि तरी ऐकताना गलबलून का येतं?

उत्तर : गलबलून येतं ना, मग गाणं तुम्हाला कळलंय. अडलंय ते शब्दांपाशी, तर तिथूनच सुरुवात करू.

'मेक इट थ्रू द नाइट' म्हणजे रात्र काढणं. आपण रात्र 'काढतो' ती दुखण्यात, काळजीत, कुणाच्या उशाशी बसून. सुखाची रात्र कुणी काढत नाही, ती सरते. गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनला ही ओळ गायक फ्रँक सिनात्राच्या एका मुलाखतीवरून सुचली. हा माणूस ऑक्सफर्डला शिकलेला, सैन्यात कॅप्टन झालेला. सगळं सोडून तो गाणी लिहायला कंट्री संगीताच्या माहेरघरी, नॅशव्हिलला गेला, तिथे स्टुडिओत झाडू मारला, मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टर उडवलं. एकटेपणा त्याला पुस्तकातून शिकावा लागला नसणार.

मूळ गाण्यात पुरुष बाईला केसांची रिबन सोडायला सांगतो. सॅमी ती 'माझ्या केसांतली' करून गाते, आणि मागणारी बाई होते. १९७१ मध्ये तिचं गाणं कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. पण तुम्ही अवघडलात तसे तिथलेही अवघडले होते. गायिका डॉटी वेस्ट यांनी ते आधी नाकारलं होतं, फार सूचक वाटलं म्हणून.

आता पहिलं कडवं पुन्हा वाचा. सुटलेले केस अंगावर कसे पडतात? भिंतीवरच्या सावल्यांसारखे. ही उपमा मला फार मोलाची वाटते. भिंतीवरच्या सावल्या कोण बघत पडतं? ज्याला झोप येत नाही तो. त्या बाईने अशा कितीतरी रात्री भिंतीकडे बघत घालवल्यात, म्हणून तिला तीच उपमा सुचते. पुढे ती म्हणते, मी घेतेय तो फक्त तुझा वेळ. आणि बरोबर-चुकीचं बोलून झाल्यावर तिला आज काय हवंय? प्रियकर हा शब्द तिथे नाही. तिला 'फ्रेंड' हवाय.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, सोबत. माझे यजमान गेले तेव्हा धाकटी बहीण पंधरा दिवस सोबतीला झोपायला यायची. दिवा मालवल्यावर आम्ही बोलत नसू. मध्यरात्री ती कूस बदलायची, खाट करकरायची आणि मला कळायचं, खोलीत कुणीतरी आहे. तेवढ्यावर मला झोप लागायची. उद्या काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं, मी विचारलंही नाही.

गाण्यातली बाईही उद्याचं वचन मागत नाही, कारण काल संपलाय आणि उद्या दिसत नाहीये. आयुष्यभराच्या शपथा घेणारी प्रेमगीतं पुष्कळ आहेत. हिला उजाडेपर्यंत कुणी जवळ हवंय, आणि ते ती सरळ तोंडाने मागते. माझ्या लेखी हे प्रेमगीतच. मुलीला पुन्हा लावायला सांगा, आणि या खेपेला तिच्याशेजारी बसून ऐका.