सोसायटीच्या २४० सभासदांना एकदम फोन किंवा एसएमएस कसा करावा?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच, पण सुप्रभातच्या फुलांखाली पाणीकपातीची सूचना गाडली जाते, ही तुमची तक्रार रास्त आहे.

एसएमएससाठी आधी डीएलटी नोंदणी, म्हणजे घाऊक मेसेज पाठवणाऱ्यांची मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवरची नोंदणी लागते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेचं नाव, पाठवणाऱ्याचं हेडर (मेसेज कोणाकडून आला ते दाखवणारं छोटं नाव) आणि मजकुराचा साचा, तिन्ही मंजूर हवेत. साच्यात तारीख-वेळेची जागा मोकळी सोडता येते, बाकी शब्द बदलला की मेसेज अडकतो. म्हणून ‘पाणी बंद’, ‘लिफ्ट बंद’, ‘सभा’ असे चार-पाच साचे आधीच मंजूर करून ठेवा.

खर्चाची गोम वेगळीच. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, मराठीला फक्त ७०. त्यापुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे. शिवाय काना-मात्रा, हलन्त सगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द सहा अक्षरं खातो! ‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की’ इथेच निम्म्याहून जास्त जागा संपते. ‘उद्या स. १० ते दु. २ पाणी बंद’ एवढं पुरे.

ज्येष्ठांसाठी रेकॉर्डेड फोन उत्तम. आमच्या पहिल्या फोनची सुरुवात सचिवांच्या नाव-पदाने झाली. निम्म्यांनी कुठली तरी जाहिरात समजून कट केला. आता ‘बी विंग, उद्या पाणी नाही’ इथूनच सुरुवात करतो. दुपारी एक ते चार मात्र फोन नको, शिव्या खाल.

आग, चोरी अशा वेळी साच्यांच्या भानगडीत पडू नका, थेट ११२ लावा.